दाजींची पाच फुटी काठी

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बोलायला उभे राहिले की समोरचा माणूस आपोआप वही शोधायला लागतो. यंदाच्या उन्हाळी सहलीत त्यांनी मासे धरायला नव्याने शिकणाऱ्या आठ-दहा जणांना झाडाखाली बसवलं आणि ब्लूगिलसाठी कोणता रॉड घ्यावा यावर पाऊण तास व्याख्यान दिलं. सार एवढंच, की मासा लहान म्हणून रॉड लहान. पाच फुटी अल्ट्रालाइट घ्या, साडेचार मिळाला तर उत्तम. टोक चपळ हवं. कार्बन जितका उंची तितका चांगला. त्याहून लांब काही घेतलंत तर तुम्ही मासे धरायला नाही, आंबे पाडायला निघालात असं समजा. शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. माझा नऊ फुटी रॉड तेव्हा गाडीला टेकून उभा होता. लोक हसले, मीही हसलो, कारण बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. छापून उलट बोलायला मात्र कुणी मनाई केलेली नाही.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत सापडणारे, तव्यात अख्खे मावणारे जे मासे, त्यांना मिळून पॅनफिश म्हणतात. ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च ही त्यातली नेहमीची मंडळी. ब्लूगिल तर आमच्या इलिनॉयचा राज्यमासा आहे. तळहाताएवढा, चपटा, अंगावर उभे पट्टे, कल्ल्याच्या झाकणामागे काळा ठिपका. उजनीकडच्या माणसाला दाखवला तर तो म्हणेल, ही तर चिलापीची चुलत बहीण. कुळं वेगळी आहेत, पण लक्षणं जुळतात. दोघंही उथळ पाण्यात तळाशी बशीसारखं घरटं उकरतात, दोघंही चिवट, आणि परक्या पाण्यात नेऊन सोडले की यजमानालाच घराबाहेर काढतात. चिलापी आपल्याकडे १९५२ साली आणली गेली. ब्लूगिल १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे युवराज अकिहितो यांना भेट दिला. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक, त्यांनी तो संशोधनाला दिला. पुढे तो जपानच्या तळ्यांत सुटला, स्थानिक माशांच्या मुळावर उठला, आणि २००७ साली सम्राट झालेल्या अकिहितोंना त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त करावी लागली. दाजी याच माशाला ‘किरकोळ’ म्हणतात.

आता त्यांच्या मुद्द्यांकडे वळतो. पहिली गफलत शब्दांचीच आहे. ‘अल्ट्रालाइट’ हा शब्द रॉडच्या ताकदीबद्दल आहे, म्हणजे तो वाकवायला किती जोर लागतो याबद्दल. लांबीशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वाक. फास्ट रॉडचं फक्त टोक वाकतं आणि बाकीची काठी ताठ राहते, मॉडरेट मध्यापर्यंत वाकतो, आणि स्लो म्हणजे ओल्या छडीसारखा पार मुठीपर्यंत. लांबी, ताकद आणि वाक या तीन गोष्टी स्वतंत्र आहेत. दुकानात पाच फुटी अल्ट्रालाइट ढिगाने लावलेले दिसतात म्हणून दाजींनी आखूडपणा आणि हलकेपणा यांचं लग्न लावून दिलं. लग्न जमवायची त्यांना हौसच आहे.

शिवाय हे शब्द मोजमापाचे नाहीतच. एका कंपनीचा लाइट दुसऱ्या कंपनीच्या अल्ट्रालाइटहून नरम निघतो, कारण सगळ्यांना बांधणारं प्रमाण या धंद्यात कुणी ठरवलेलं नाही. फ्लाय रॉड वापरणाऱ्यांसाठी विल्यम हॅनमन नावाच्या गृहस्थांनी यावर एक झकास तोडगा काढला होता. रॉड आडवा पक्का धरायचा, टोकाला पिशवी अडकवायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक-तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एकेक पेनी टाकत जायची. १९८२ नंतरच्या जस्ताच्या पेनीचं वजन अडीच ग्रॅम, त्यामुळे वजनाचा काटाही लागत नाही. मी गॅरेजमध्ये दाजींचा रॉड आणि माझा रॉड असे दोन्ही पेन्यांवर तोलले. माझ्या नऊ फुटी ‘लाइट’ला दाजींच्या पाच फुटी ‘अल्ट्रालाइट’पेक्षा कमी पेन्या लागल्या. म्हणजे नाजूक कोण? दाजींनी यावर दिलेलं उत्तर असं: ‘पावणं, पेन्या मोजून मासे येत नाहीत.’ खरं आहे. पण मग रॉडवर छापलेला शब्द वाचूनही येत नाहीत.

बारीक दोरीला लांब आणि नरम काठीच सांभाळून घेते, हे सांगायला माझी गरज नाही. मिशिगनमधल्या स्टीलहेडवाल्यांना विचारा. चार-पाच किलोचा, धावत्या पाण्यातला तो मासा दोन-चार पौंडी दोरीवर धरता यावा म्हणून त्या लोकांनी दहा फुटांच्या वरचे, शेवयांसारखे लुळे रॉड वापरायला सुरुवात केली. त्यांचं नावच नूडल रॉड. मासा झेपावला की सगळी काठी वाकून तो हिसका पोटात घेते आणि दोरीपर्यंत पोचू देत नाही. हलक्या दोरीसाठी आखूड काठी हे सूत्र बरोबर असतं तर या लोकांनी उलटी वाट धरली नसती.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल, कारण दाजींचं व्याख्यान ज्या ठिकाणी खरं कोसळतं ते ठिकाण म्हणजे बॉबर, दोरीला लावलेली तरंगती खूण. त्यांच्या श्रोत्यांतले सगळेच्या सगळे बॉबर लावून मासे धरणार होते. चमचे आणि चाकत्या असली धातूची आमिषं फेकून ओढणाऱ्यांसाठी दाजींचा सल्ला चालला असता. तिथे दोरी सतत ताणलेली असते आणि हाताला सगळं कळतं. बॉबरच्या मासेमारीत रॉडचं मुख्य काम फेकणं नाही आणि मासा ओढणंही नाही. पाण्यावर पडलेल्या दोरीचा बंदोबस्त करणं हे त्याचं काम आहे.

समजा तुम्ही हेरिक लेकच्या काठावर उभे आहात आणि बॉबर चाळीस फुटांवर पडलाय. इलिनॉय सपाट, वाऱ्याला अडवायला टेकाडसुद्धा नाही. वारा पाण्यावरच्या दोरीला धरतो आणि तिला पोट सुटतं. ते पोट बॉबरला बाजूला खेचतं, बॉबर खालच्या गांडुळाला खेचतो, आणि गवताच्या कडेला शांत लटकायला हवं असलेलं आमिष तळ्यात फेरफटका मारायला लागतं. ब्लूगिल त्याच्यामागे येतो, बघतो, परत जातो. आता हातात नऊ फुटी रॉड असेल तर तुम्ही टोक उंच धरता, अर्धीअधिक दोरी पाण्यावरून उचलता आणि उरलेली एका हलक्या झोक्याने वाऱ्याच्या बाजूला टाकता. बॉबर जागेवर राहतो. पाच फुटी काठीने हे करायला गेलात तर आधी बॉबरच हलतो, कारण उचलायला उंचीच नाही. मग दाजी म्हणतात, आज मासे खात नाहीत.

नंतर येतो झटका. मासा आमिष तोंडात ओढून घेतो, बॉबर बुडतो, आणि गळ रुतवण्याआधी ती सगळी सैल दोरी तुम्हाला ताणायची असते. हा हिशेब शाळकरी पोरालाही जमेल. मनगट आणि कोपर मिळून रॉड पंचेचाळीस अंशांतून फिरवला तर पाच फुटी रॉडचं टोक साधारण चार फूट सरकतं आणि नऊ फुटीचं सात फूट. दोरीला तीन-चार फुटांचं पोट सुटलं असेल तर दाजींचा सगळा झटका ते पोट भरण्यातच खर्ची पडतो, आणि तोवर ब्लूगिलने आमिष थुंकलेलं असतं. थुंकण्यात हा मासा पटाईत आहे. दाजी यावर उपाय म्हणून पळतात. खोटं नाही, झटका देता देता दोन पावलं मागे धावतात. एकदा तसे पळताना ते शीतपेट्यांवर बसले होते आणि अक्काने केलेल्या दहीभाताचा डबा त्या दिवशी तिथेच संपला.

दुसरा मोठा दावा संवेदनेचा. दाजी म्हणतात, उंची कार्बनचा, फास्ट टोकाचा रॉड घ्या, माशाने नुसतं हुंगलं तरी मुठीत कळतं. कळत असेल. पण दाजी, बॉबर मग कशाला लावला आहे? बॉबर म्हणजेच डोळ्यांनी बघायचा चावा. तो थरथरला, तिरका झाला, आडवा पडला, कधी बुडण्याऐवजी उलटा वर आला, हे सगळं दिसतं. आणि मधली दोरी सैल असल्यामुळे मुठीत यायला काही उरतच नाही. या मासेमारीत मुठीतल्या संवेदनेसाठी पैसे मोजणं म्हणजे दूरदर्शन बघायला कानाचं यंत्र विकत घेणं. नव्या माणसाला खर्चात पाडणारा हाच मुद्दा आहे, म्हणून मला त्याचा जास्त राग येतो. रॉडवर ‘आयएम ६’, ‘आयएम ७’, ‘आयएम ८’ असं छापलेलं बघून लोक परीक्षेच्या गुणांसारखं मोठ्या आकड्याकडे झुकतात. हे आकडे मुळात हेक्सेल नावाच्या कंपनीच्या कार्बन तंतूंच्या प्रकारांची नावं आहेत. रॉड कसा बनवला, भिंत किती जाड, वाक कुठे येतो, यातलं एक अक्षरही ती सांगत नाहीत, आणि बाजारात ती सैलपणे वापरली जातात. कार्बनचे रॉड १९७३ साली फेनविक कंपनीने बाजारात आणले. त्याच्या आधीची वीस-पंचवीस वर्षं अमेरिका काचतंतूच्या रॉडवर ब्लूगिल धरत होती आणि ब्लूगिलची त्याबद्दल तक्रार नव्हती. जगातला नोंदलेला सर्वांत मोठा ब्लूगिल, चार पौंड बारा औंसांचा, अलाबामातल्या केटोना तळ्यात १९५० साली सापडला. तेव्हा बाजारात कार्बनचा रॉडच नव्हता.

फास्ट टोकाचा आणखी एक तोटा दाजी सांगत नाहीत, कारण त्यांना तो दिसतो पण त्याचं कारण दिसत नाही. आखूड, ताठ काठीने हलकं बॉबर लांब टाकायचं तर चाबकासारखा फटकारा मारावा लागतो. त्या फटक्यात गळावरचं गांडूळ सुटून हवेत जातं आणि रिकामा गळ पाण्यात. माणूस अर्धा तास रिकाम्या गळाकडे टक लावून बसतो. लांब, मध्यापर्यंत वाकणारी काठी बॉबर झोक्याने सोडते, पाळण्याला द्यावा तसा, आणि गांडूळ जागेवर राहतं. क्रॅपीच्या बाबतीत तर हा मुद्दा दुप्पट खरा. या माशाच्या तोंडाची त्वचा इतकी पातळ की अमेरिकन लोक त्याला कागदी तोंडाचा म्हणतात. ताठ काठीने झटका दिला की गळ ओठ फाडून बाहेर. नरम काठी झटका देते आणि लगेच थोडी माघारही घेते.

आता सरकत्या बॉबरकडे येतो, कारण दाजींच्या भात्यातला खरा टोकदार बाण हा आहे आणि मला तो हसण्यावारी न्यायचा नाही. दोरीवर पक्क्या बसवलेल्या बॉबरची अडचण अशी, की बॉबर ते गळ एवढं अंतर रॉडच्या लांबीहून कमीच ठेवावं लागतं. नाहीतर फेकताना गळ मागे जमिनीवर लोळतो, गवतात अडकतो, कधी आपल्याच कानात. म्हणजे पाच फुटी रॉडने जेमतेम साडेचार फूट खोल जाता येतं, नऊ फुटीने आठ. दाजींचं म्हणणं, ही अडचण सरकत्या बॉबरने कधीच मिटवली. दोरीवर हव्या त्या खोलीवर गाठ बांधा, खाली मणी घाला, बॉबर सैल सोडा. फेकताना सगळं टोकाशी गोळा होतं, पाण्यात पडल्यावर शिसं दोरी खाली ओढतं आणि बॉबर गाठीला जाऊन थांबतो. मग लांबी हवी कशाला?

सरकता बॉबर उत्तम वस्तू आहे. बारा-पंधरा फुटांवर पर्च धरायचे असतील तर दुसरा मार्गच नाही, आणि मिशिगन सरोवराच्या काठी मॉन्ट्रोज हार्बरला मीही तोच लावतो. पण त्याला दोरी खेचून न्यायला वजन लागतं. ब्लूगिल आणि क्रॅपीसाठी आपण जे जिग, म्हणजे डोक्याला शिसं ओतलेला गळ, वापरतो ते एक-बत्तीसांश औंसाचं, म्हणजे एक ग्रॅमलाही कमी. एवढ्याशा वजनाला ओली दोरी बॉबरच्या भोकातून ओढणं जड जातं. ती मध्येच चिकटते, आणि आपण समजतो सात फुटांवर आहे, आमिष असतं तीन फुटांवर. वजन वाढवलं तर आमिष धोंड्यासारखं खाली जातं. संथ बुडणाऱ्या आमिषावर वाटेतच झडप घालणं ही ब्लूगिलची आवड, ती गेली. वाऱ्याने सुटलेलं पोट आणि झटक्याचा हिशेब हे दोन्ही तर सरकत्या बॉबरनंतरही जिथल्या तिथेच राहतात. दाजींचा बाण खोलीच्या प्रश्नाला लागतो, दोरीच्या प्रश्नाला लागत नाही.

इथे दाजी जूनचा दाखला देतील. जूनमध्ये नर ब्लूगिल काठाजवळ दोन-तीन फूट पाण्यात घरटी राखत बसलेले असतात, एकमेकांना लागून शेकडो, आणि समोर जे पडेल त्याच्यावर तुटून पडतात. त्या पंधरवड्यात दाजींचा पाच फुटी रॉड दर मिनिटाला मासा काढतो. काढणारच. त्या दिवसांत छत्रीच्या काडीला दोरी बांधली तरी मासा लागतो. प्रश्न जुलैच्या शेवटी येतो, पाणी तापतं, मोठे मासे गवताच्या बाहेरच्या कडेला खोल सरकतात आणि काठाजवळ बोटाएवढी पोरं उरतात. दाजींच्या ऑगस्टमधल्या फोटोंत हीच पोरं असतात. फोटो काढताना हात पुढे लांबवून धरतात, तेवढी लांबी मात्र त्यांना चालते.

मजेचा मुद्दा राहिला. छोट्या काठीवर छोटा मासा मोठा वाटतो, हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं आहे आणि त्यावर आजवर कुणी शंका घेतल्याचं पाहिलं नाही. तरफेचा नियम आठवा. मासा दोरी ज्या जोराने ओढतो तो रॉडच्या टोकाला लागतो, आणि मुठीला जाणवतो तो त्या जोराचा आणि काठीच्या लांबीचा गुणाकार. तेवढ्याच ओढीला नऊ फुटी काठी पाच फुटीच्या पावणेदोन पटीहून जास्त पीळ मनगटाला देते. काठी वाकली की हा आकडा काहीसा उतरतो, पण उलटा होत नाही. दोनशे ग्रॅमचा ब्लूगिल चपटं अंग आडवं करून गोल गोल फिरायला लागतो तेव्हा लांब, नरम काठी मुठीपर्यंत थरथरते. मजा मोठ्या तरफेत आहे. आखूड काठीवर तुम्ही माशापेक्षा बलवान होता, दुबळे होत नाही. समुद्रात मोठे मासे ओढणारे बोटीवर आखूड आणि दणकट रॉड घेतात ते याचसाठी. मजेसाठी आखूड काठी घेणाऱ्याला उलट्या टोकाने दुर्बिणीतून बघणारा माणूस म्हणावं लागेल.

आणि परंपरा! दाजी म्हणाले, रीळ आलं आणि लांब काठीचा जमाना संपला. ज्या प्रकारचं रीळ आज आपण स्पिनिंग रॉडखाली लावतो त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली घेतलं. ते कापड धंद्यातले, आणि गिरणीतल्या बॉबिनवरून दोरी सुटते ती बघून त्यांना हे सुचलं असं सांगतात. (आमच्या सोलापूरच्या गिरण्यांत इतकी बॉबिनं फिरली, कुणाला भीमेतला मासा आठवला नाही.) त्या रिळाच्या मायदेशात बॉबरच्या मासेमारीचा रॉड आज किती लांब असतो? तेरा फूट. तेच रीळ लावून. तिथले लोक रोच आणि डेससारखे आपल्या ब्लूगिलएवढेच मासे धरतात आणि त्यासाठी स्पर्धा भरवतात. आंबे पाडण्याचा मोह त्या देशात कुणाला होणार?

अमेरिकेचंही तेच. दक्षिणेकडच्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ब्लूगिल आणि क्रॅपी धरले ते दहा-बारा फुटी बांबूच्या काठीने, रीळ न लावता. आणि एकोणिसाव्या शतकात इथल्या कारागिरांनी बांबू चिरून, पट्ट्या जोडून पहिले देखणे रॉड केले, तेव्हा त्यांचा बांबू कलकत्त्याहून यायचा. चिनी टोंकिन बांबू नंतर आला. लांब काठी ही पावण्यांची लहर नाही, इथल्या मातीतलीच आहे, आणि थोडी आपल्याकडचीही.

भीमेच्या काठी आम्ही पोरं कळकाची काठी वापरायचो. दीड-दोन पुरुष उंच, शेंड्याकडे करंगळीएवढी. तंगूस, गळ, कणकेची गोळी किंवा गांडूळ, आणि बॉबर म्हणून ज्वारीच्या चिपाडाचा बोटभर तुकडा. कुणाला मोराचं पीस सापडलं तर त्याचा देठ, मग त्या दिवशी तो राजा. पुढे कळलं की इंग्रज लोकांचे नावाजलेले बॉबरही मोराच्या पिसाच्या देठाचेच असत. दाजी त्याच नदीच्या खालच्या अंगाचे, पंढरपूरकडचे. त्यांनीही पोरपणी कळकाचीच काठी धरली होती, हे अक्काने मला सांगितलं आहे. मग शिकागोत येऊन काठी कुठे झिजली?

हातावर येणारा भार हा लांब रॉडचा खरा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही. नऊ फुटी रॉडचं टोक जड असेल तर तासाभरात मनगट बोलतं. म्हणून दुकानात रॉड रिकामा हातात घेऊन हलवू नका, आपलं रीळ खाली लावून बघा. रीळ १००० ते २५०० आकाराचं, त्यातल्या त्यात मोठं घेतलं तर लांब रॉडला तोल येतो. मूठ कोपरापर्यंत पोचेल एवढी लांब हवी, म्हणजे ती बाहूच्या खालच्या अंगाला टेकवता येते आणि भार मनगटावरून उतरतो. टोक एकदा झटकून थांबवा. बराच वेळ लटपटत राहिलं तर तो रॉड परत ठेवा. वाक मध्यापर्यंत यावा. दोरी चार पौंडी नायलॉनची, फार तर सहा. फ्लुरोकार्बन बॉबरसाठी घेऊ नका, ती पाण्यात बुडते आणि बुडालेली दोरी उचलायला जड. लांबी साडेसात ते नऊ फूट. असे रॉड अमेरिकेतल्या दुकानात ‘पॅनफिश’च्या कप्प्यात सहसा दिसत नाहीत. ते ‘क्रॅपी’ नाहीतर ‘स्टीलहेड’ लिहिलेल्या कोपऱ्यात उभे असतात, आणि दाजींसारखी माणसं त्या कोपऱ्याकडे फिरकत नाहीत. स्वस्तातला काचतंतू आणि कार्बन मिसळलेला रॉड या कामाला पुरतो. वाचलेल्या पैशांत परवाना काढा. इलिनॉयमध्ये सोळा आणि त्यावरच्या बहुतेकांना तो लागतो, आणि आपल्या आर्थिक वर्षासारखा तो एकतीस मार्चला संपतो, त्यामुळे आपल्या लोकांना तारीख लक्षात ठेवायला त्रास नाही.

गाडीत मावत नाही ही तक्रार मी ऐकूनच घेत नाही. दोन तुकड्यांचा नऊ फुटी रॉड साडेचार फुटांत बसतो. दाजींचा पाच फुटी एका तुकड्याचा रॉड त्यांच्या गाडीत तिरका ठेवावा लागतो आणि अक्का मागच्या सीटवर मान वाकडी करून बसते.

झाडांखाली लांब काठी अडते, हे दाजींचं म्हणणं मात्र खरं आहे. फॉक्स नदीला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांवर विलोच्या फांद्या डोक्यावर टेकतात, तिथे नऊ फुटी काठी फिरवणं म्हणजे कंदील घेऊन माळ्यावर चढणं. तिथे साडेपाच फूट घ्या. सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातातही आखूडच द्या, त्याचं मनगट तेवढंच. आणि जानेवारीत तळी गोठली की बर्फाला भोक पाडून मासे धरतात, तिथे दोन-अडीच फुटी रॉड पुरतो, कारण बॉबर पायापाशीच असतो. तिथे दाजींची पाच फुटीसुद्धा लांब पडते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावलं होतं. माझ्याकडे तेवढा आखूड रॉड नाही, असं सांगून मी सुटलो. बाहेर उणे पंधरा होतं.